गडग्यापलीकडच्या बागा

इंग्लंड देशाच्या पश्चिम भागात ग्लॉस्टरशायर नावाचा जिल्हा आहे. त्या जिल्ह्यातील स्ट्राउड हे गाव पाच दऱ्या जेथे एकत्र येतात तेथे वसले आहे. स्ट्राउडपासून पूर्वेस तीनएक मैलांवर, टोड्समूर नावाच्या अरुंद आणि गर्द झाडीच्या दरीच्या वर, ईस्टकूम, बसिज व ब्राउन्सहिल ही तीन खेडी एकमेकींस खेटून डोंगराच्या माथ्यावर बसली आहेत. नकाशात शोधू गेल्यास नावे सापडण्यास थोडा वेळ लागेल. येथे राजवाडा नाही, किल्ला नाही, कोणा मोठ्या पुरुषाची समाधी नाही. तथापि मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्यास जोडून येणाऱ्या सोमवारच्या सुटीला दूरदूरची माणसे या खेड्यांची वाट धरतात. ती येतात दुसऱ्यांच्या परसातील बागा पाहावयास.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. इंग्रज मनुष्य आपले परसू कसे जपतो हे ज्यांनी पाहिले असेल त्यांनाच तिचे मोल कळेल. आपल्याकडे ओटा हा अर्धा घरचा आणि अर्धा गावचा असतो. येणारा-जाणारा त्यावर टेकतो, पाणी मागतो, दोन शब्द बोलतो. तिकडे तसे नाही. घराची पुढील बाजू रस्त्याकडे तोंड करून उभी असते खरी. परंतु बाग बहुधा घराच्या पाठीमागे, आणि तिच्याभोवती उंच कुंपण किंवा दगडी भिंत. वीस वर्षे शेजारी राहिलेल्या दोन कुटुंबांनी एकमेकांची मागील बाग कधी पाहिली नाही, असे तेथे सहज घडते. अशा लोकांनी वर्षातून दोन दिवस फाटक उघडून अनोळखी माणसांस ‘या, पाहा’ म्हणावे, ही त्यांच्या स्वभावाच्या विरुद्ध जाणारी कृती आहे. ती त्यांनी का आरंभिली याची हकीकत पुढे येईलच. आधी गाव पाहू.

कॉट्सवोल्ड नावाच्या या टेकड्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत. दगड मधाच्या रंगाचा. घरे त्याचीच, छपरावरील पातळ फरश्याही त्याच्याच, आणि शेताशेतांमधील बांधही त्याचेच. हे बांध चुना किंवा माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून घातलेले असतात आणि वरच्या टोकाला दगडांची एक रांग उभी लावलेली असते. कोकणातल्या, गोव्यातल्या किंवा बेळगावच्या घाटमाथ्यावरच्या माणसास त्यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. हा आपला गडगाच. आपला जांभ्याचा तांबडा, तिकडचा पिवळसर, इतकेच अंतर. गडगा ढासळला तर तेथेही म्हातारी माणसे तोच दगड उचलून त्याच जागी बसवितात, आणि दगड कोठे बसेल हे हातालाच समजले पाहिजे असे त्यांचेही मत असते.

या दऱ्यांतून वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी पूर्वी लोकरी कापडाचे कारखाने होते. डोंगरउतारावरच्या चिमुकल्या घरांतून विणकर राहत. स्ट्राउडचे लाल कापड जगप्रसिद्ध होते. इंग्रज पलटणींचे लाल डगले त्याचेच शिवले जात, आणि ईस्ट इंडिया कंपनीही येथील कापड खरेदी करून पूर्वेकडे पाठवीत असे. आपल्या जुन्या मराठीत विलायती लोकरी कापडास ‘सकलाद’ हा शब्द आहे. तो उच्चारणाऱ्या आपल्या पूर्वजांना या दऱ्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे तो धंदा बसला. विणकर गेले, घरे राहिली. उतार इतका तीव्र की कित्येक घरांपर्यंत गाडीरस्ता पोहोचतच नाही. शेजारच्या चॅलफर्ड खेड्यात पाव आणि कोळसा गाढवांच्या पाठीवरून घरोघर पोहोचवीत असत. आजही बागांच्या वर्णनात अशी सूचना आढळते की काही बागांपाशी पायीच जावे लागेल, तरी पादत्राणे बेताची घालून येऊ नये.

तीन खेड्यांची धर्मस्थाने पाहिली तर एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. ईस्टकूममध्ये बाप्तिस्त पंथीयांचे जुने प्रार्थनामंदिर आहे. बसिजमध्ये इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे सेंट मायकलचे देऊळ आहे. ते १८४६ साली उभे राहिले. ब्राउन्सहिलमध्ये कॅथोलिकांसाठी बांधलेले, देवदूतांच्या राणी मरियामातेच्या नावाचे छोटेसे देऊळ आहे. ज्या देशात या तीन पंथांनी एकेकाळी एकमेकांचे तोंड पाहू नये अशी स्थिती होती, त्या देशात या तिन्ही गावांच्या बागांना आता एकच तिकीट लागते.

तिकीट घ्यावयाचे, हातात गावाचा नकाशा घ्यावयाचा आणि चालू लागावयाचे, अशी रीत आहे. पिवळ्या रंगाच्या पाट्या वाट दाखवितात. लहान मुलांना बहुधा पैसे पडत नाहीत. नकाशावर घरांना आकडे दिलेले असतात. पण त्या क्रमाने कोणी जात नाही, कारण मध्येच एखादी पायवाट दोन गडग्यांमधून खाली उतरते आणि माणूस कुतूहलाने तिकडे वळतो.

या बागा थोरामोठ्यांच्या नव्हेत, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. काही ऐसपैस आहेत, परंतु काही इतक्या लहान की आपल्याकडील खळ्याएवढ्यासुद्धा भरणार नाहीत. उतारावर असल्यामुळे त्या पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या असतात, आपल्या डोंगरातल्या भातखाचरांसारख्या. मे महिन्याच्या आरंभी तेथे वसंत ऐन भरात येतो. सफरचंदाची झाडे पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लहडलेली, त्यांखाली ट्यूलिपची रांग, ट्यूलिपच्या पायाशी ‘फर्गेट-मी-नॉट’ नावाच्या फुलांचा निळा गालिचा. गडग्याच्या फटीफटींतून आपोआप रुजलेली बारीक फुले. पलीकडच्या बीच वृक्षांच्या रानात निळ्या घंटाफुलांचा सडा. आणि या सर्वांना लागून, कोणताही संकोच न बाळगता, वाटाण्याचे वेल, बटाट्याचे वाफे, कोबी आणि आंबट दांड्याची रूबार्ब नावाची भाजी. फुलझाडे वेगळी आणि भाजीपाला वेगळा असा सोवळेपणा खेड्यातील बागेत पूर्वीपासूनच नव्हता. विणकराला पोट होते, आणि त्याच्या बायकोला फुलांची हौसही होती.

भिंतीवर चढलेली एक वेल मात्र आपल्या वाचकांनी थांबून पाहावी अशी आहे. फुले चार पाकळ्यांची, पांढरी किंवा फिकट गुलाबी, आणि इतकी दाट की मेमध्ये तिचे पान दिसू नये. शास्त्रात तिला ‘क्लेमॅटिस मॉन्टाना’ म्हणतात. ही मूळची हिमालयातील. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीने ती १८३१ साली इंग्लंडात आणविली. सह्याद्रीच्या जाळ्यांत पावसाळ्यानंतर फुलणारी आपली मोरवेल हिच्याच कुळातील. हिमालयातलाच एक मोठा तेरडाही १८३९ साली विलायतेस गेला. परंतु त्याने पाहुणचाराचा गैरफायदा घेतला. ओढ्यांच्या काठांनी तो असा माजला की आता दर उन्हाळ्यात गावकरी एकत्र जमून त्यास उपटून टाकतात. परदेशी गेलेल्या दोन झाडांपैकी एकीस घराच्या दारावर स्थान मिळाले आणि दुसऱ्याच्या मागे लोक लागले.

बागेचा धनी किंवा धनीण दारातच उभी असते. बाग दाखविण्याची तिला हौस असते आणि त्याचबरोबर थोडी धास्तीही. आलेला मनुष्य प्रथम गोगलगायींची चौकशी करतो, कारण शंख नसलेल्या मोठ्या गोगलगायी तिकडील बागवानांच्या जन्माच्या वैरी आहेत. नंतर चुनखडीच्या जमिनीवर अमुक झाड जगते काय, हा प्रश्न येतो. ऱ्होडोडेंड्रॉनसारखी झाडे येथे तग धरीत नाहीत. त्यांना आम्लधर्मी माती हवी. मग कोणी तरी हिरवळीकडे पाहून किंचित भुवया उंचावतो. अलीकडे, २०१९ पासून, मे महिनाभर गवत कापू नये, म्हणजे मधमाश्यांना रानफुले मिळतील, अशी एक चळवळ तिकडे चालू आहे. तिचे म्हणणे मानणाऱ्याची हिरवळ गुडघाभर वाढलेली, आणि न मानणाऱ्याची गालिचासारखी कातरलेली. दोन शेजारी एकाच गडग्याच्या दोन बाजूंना हे दोन पक्ष चालवीत असले, म्हणजे पाहुण्यांची चांगली करमणूक होते. माझे मत विचाराल तर गवताच्या बाजूने आहे. परंतु ज्याचे परसू त्याचा अधिकार.

शेवटी चहा. चहा आणि घरी भाजलेले केक यांवाचून असा दिवस इंग्लंडात पुरा होऊच शकत नाही. ज्यांना बाग नाही, किंवा ज्यांच्या गुडघ्यांनी बागकामास नकार दिला आहे, त्या गावकरणी केक करून देतात. दुसरीकडे एका टेबलावर जुन्या कुंड्यांतून लावलेली रोपे विकावयास मांडलेली असतात. ज्या झाडाचे कौतुक आपण आताच वरच्या बागेत केले, त्याचेच पिल्लू पैसे देऊन घरी नेता येते. झाडांचा प्रसार गावोगाव असाच होतो. आपल्याकडे मागून आणलेली फांदी लागते आणि विकत आणलेली लागत नाही, असे बायका म्हणतात. तेथे पैसे घेण्याची रीत असली तरी समाधान तेच असते.

आता हा पैसा जातो कोठे, याची हकीकत.

१८५९ साली लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी दीर्घ आजाराने वारली. तिची शुश्रूषा करण्यास मेरी रॉबिन्सन नावाची परिचारिका घरी ठेवलेली होती. रॅथबोनच्या मनात आले, माझ्यासारख्या सधन माणसाच्या घरी ही सोय झाली. ज्या घरात दुसरी खोली नाही, चुलीत विस्तव नाही, तेथे मरणाऱ्या माणसाजवळ कोण बसत असेल? त्याने त्या बाईस पगार देऊन शहरातील गरिबांच्या घरी जाण्यास सांगितले. काही आठवड्यांतच ती रडत परत आली. जे दैन्य तिने पाहिले ते तिला सोसवेना. परंतु तिची समजूत घालण्यात आली, ती पुन्हा गेली, आणि टिकली. घरोघर फिरणाऱ्या परिचारिकांची व्यवस्था तेथून सुरू झाली. पुढे १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास पन्नास वर्षे झाली, तेव्हा देशातील स्त्रियांनी जमविलेल्या निधीतील मोठा भाग या कामासाठी देण्यात आला व त्यातून परिचारिकांची संस्था उभी राहिली. खेड्यापाड्यांतून सायकलीवर बसून जाणारी परिचारिका ही मग इंग्रजी ग्रामजीवनातील ओळखीची व्यक्ती झाली. ती बाळंतपण करी, जखमा धुई, क्षयाच्या रोग्यापाशी बसे, आणि मृताचे डोळे मिटी.

त्या काळी सरकार तिला पगार देत नसे. निधी लोकांकडून गोळा करावा लागे. या संस्थेवर लोभ असणारी राणी अलेक्झांड्रा १९२५ च्या नोव्हेंबरात निवर्तली, आणि तिच्या स्मरणार्थ काही करावे असा विचार निघाला. संस्थेच्या कार्यकारी मंडळावरील कुमारी एल्सी वॅग यांनी तेव्हा एक सूचना केली. देशात इतक्या सुंदर बागा आहेत, आणि त्या थोड्याच लोकांच्या दृष्टीस पडतात. त्या एक-दोन दिवस सर्वांसाठी खुल्या करून माणशी एक शिलिंग घ्यावा. १९२७ साली ६०९ बागांची फाटके उघडली आणि ८,१९१ पौंड जमले. वीस शिलिंगांचा एक पौंड या हिशेबाने पाहता, दीड लाखाहून अधिक माणसांनी एकेक शिलिंग टाकून दुसऱ्यांच्या बागेत पाऊल ठेवले. सँड्रिंगहॅम येथील राजाची बागही त्यांत होती. राजाची बाग पाहावयाचा शिलिंग आणि एखाद्या साध्या गृहस्थाची बाग पाहावयाचा शिलिंग सारखाच, ही गोष्ट लोकांना विशेष आवडली असली पाहिजे.

१९४८ साली इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि परिचारिकांच्या पगाराचा भार सरकारवर गेला. आता बागा उघडण्याचे प्रयोजन संपले असे कोणी म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते. परंतु लोकांना सवय लागली होती. वृद्ध झालेल्या परिचारिकांना मदत, जुन्या प्रसिद्ध बागांची डागडुजी, अशी नवी कामे पुढे आली. १९८० मध्ये ही योजना स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली. आज ३,००० हून अधिक बागा तिच्या यादीत आहेत, आणि तिचा पैसा कर्करोगाच्या रोग्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना, मरणोन्मुख रोग्यांच्या आश्रमांना, आणि घरी आजारी माणसाची उस्तवार करणाऱ्यांच्या संस्थांना जातो. जुनी परिचारिका संस्थाही लाभार्थींमध्ये आहेच. म्हणजे फिरून फिरून पैसा रोग्याच्या उशाशीच येऊन पोहोचला.

या योजनेचा एक नियम मोठा मार्मिक आहे. ज्या बागेत पाहुण्याचे मन पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, रमेल तीच बाग यादीत घ्यावी, अशी त्यांची कसोटी आहे. येणारा पैसे देतो, प्रवास करून येतो. त्यास पाच मिनिटांत परत लावणे बरे नव्हे. या कसोटीला मोठी बाग सहज उतरते. परंतु विणकराच्या घरामागील दोन पायऱ्यांची बाग पंचेचाळीस मिनिटे कोणाला गुंतवणार? यास्तव खेड्यांनी तोड काढली. दहा मिनिटांच्या पाच-सहा बागा एकत्र आल्या की कसोटी पार पडते. ईस्टकूम, बसिज आणि ब्राउन्सहिल यांनी गेली कित्येक वर्षे हेच केले आहे. एकट्याने कोणाची बाग पाहण्याजोगी ठरली नसती. सर्वांनी मिळून ती ठरली.

परंतु यातच अडचणही आहे. अशा गटाचे बळ प्रत्येक वर्षी नव्याने मोजावे लागते. बाग ही वयाप्रमाणे चालते, आणि बागवानही. एका वर्षी कोणाचा पाय मोडतो. दुसऱ्या वर्षी कोणी घर विकून मुलाकडे राहावयास जातो आणि नवा मालक फाटक बंदच ठेवतो. त्याला कोणी दोष देऊ शकत नाही, कारण यात सक्ती नाही. एप्रिलचा महिना तर या घरांत परीक्षेसारखा जातो. डोंगरमाथ्यावर मेच्या आरंभीदेखील एखाद्या रात्री हिम पडते आणि सकाळी फुलोरा काळवंडलेला दिसतो. कधी उन्हाळा लवकर येऊन ट्यूलिप आठवडाभर आधीच झडून जातात, आणि पाहुण्यांना दाखवावयास नुसते दांडे उरतात. त्यातच पाऊस लागला तर उतारावरच्या पायवाटा निसरड्या होतात आणि वर्षभराची मेहनत चार छत्र्यांच्या साक्षीने संपते. २०२० साली महामारीमुळे वसंतात सर्व बागा बंद राहिल्या. तेव्हा कित्येकांनी आपल्या बागेची चित्रफीत काढून लोकांना घरबसल्या दाखविली. फाटक बंद असतानाही आत बोलावण्याची ती तऱ्हा होती.

गडग्यांचा इतिहास ज्यास ठाऊक आहे त्याला या उघड्या फाटकांकडे पाहून आणखीही काही आठवते. इंग्लंडातील खेड्यांच्या भोवती एकेकाळी गावाच्या मालकीची गायराने व सामाईक शेते होती. गोव्यातील वाचकांना गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, ही संस्था परिचित आहे. गावाच्या जमिनीवर गावाचा हक्क ही कल्पना त्यांना समजावून सांगावयास नको. इंग्लंडात १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कायदे करून अशा जमिनींना कुंपणे घालण्याची परवानगी दिली. सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे त्या देशाच्या पंचमांशाहून अधिक जमीन, या रीतीने कुंपणाआड गेली. गरिबाची एक गाय आणि चार बकऱ्या कोठे चरावयाच्या हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. आज प्रवाशांना जे गडगे रमणीय भासतात, त्यांतील पुष्कळसे अशा वाटण्यांच्या रेषा आहेत.

सगळेच मात्र गेले नाही. बसिजच्या दक्षिणेस, मधली दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरावर मिंचिनहॅम्प्टन नावाचे गाव आहे. तेथील विस्तीर्ण गायरान अजून सामाईक आहे. मे महिन्याच्या मध्यास हक्कदारांची गुरे खुणा करून त्यावर सोडतात, आणि मग हिवाळा लागेपर्यंत मोटारींना त्या रस्त्यावरून जाताना गाय उठेपर्यंत थांबावे लागते. गाय घाईने उठत नाही. एका डोंगरावर गुरांसाठी जमीन अजून मोकळी आहे, आणि समोरच्या डोंगरावर गडगे घातलेली माणसे दोन दिवसांपुरती का होईना आपली फाटके उघडतात. दोन दिवसांनी कायद्याचे झालेले काही फिरत नाही, हे खरे. पण गडग्याला फाटक ठेवलेले असते, ते उघडण्यासाठीच.

ईस्टकूमच्या शेजारी बिझली नावाचे जुने गाव आहे. त्याच्या सात झऱ्यांची गोष्टही येथे सांगितली पाहिजे, कारण ती त्याच ऋतूतील आहे आणि तिच्यातही गावची फुले बाहेर येतात. गावचे धर्मगुरू रेव्हरंड टॉमस केबल यांनी त्या झऱ्यांचा जीर्णोद्धार केला, आणि १८६३ पासून प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला ते फुलांनी सजविण्याची चाल घालून दिली. शाळेतील मुले हार आणि फुलांचे साचे हाती घेऊन मिरवणुकीने जातात, झऱ्यांना आशीर्वाद दिला जातो, आणि फुले पाण्याच्या मुखाशी ठेवतात. ती फुले येतात ती गावातील बागांतूनच.

पाहुण्यांमध्ये परगावचेच लोक असतात असे समजू नये. तिन्ही गावांतील माणसेही तिकीट काढून हिंडतात. रोज ज्या कुंपणावरून सकाळी केवळ डोके हलवून नमस्कार होतो, त्या कुंपणाच्या आत ती या दिवशी प्रथमच जातात. शेजारणीच्या बागेत आपल्या खिडकीतून न दिसणारे एक जुने नासपतीचे झाड आहे, किंवा शांत दिसणाऱ्या म्हाताऱ्याने मागे मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या आहेत, हे त्यांना तेव्हा कळते. आणि एकदा आत जाऊन आल्यावर, पुढे म्हातारा दोन दिवस दिसला नाही तर चौकशी करण्यास फाटक ढकलून जाणे सोपे पडते. रोग्याच्या घरी पाठवावयाच्या परिचारिकेसाठी पैसे जमवावेत, आणि ते जमविताना शेजाऱ्याच्या घराची वाट आपल्यालाच माहीत व्हावी, असा हा व्यवहार आहे. मला विचाराल तर जमलेल्या पौंडांइतकेच हेही मोलाचे आहे; पण कोणत्याही हिशेबाच्या वहीत ते लिहिलेले सापडणार नाही.

गोव्यातील पुष्कळ कॅथोलिक कुटुंबांची मुले-मुली आता इंग्लंडातील स्विंडन शहरात राहतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांचे कोणी तेथे असेल त्यांनी त्यांना ही माहिती अवश्य कळवावी. स्विंडनहून स्ट्राउडला थेट आगगाडी आहे आणि प्रवासास सुमारे अर्धा तास लागतो. पुढे तीन मैल डोंगर चढावयाचा. कोणते गाव कोणत्या वर्षी आणि कोणत्या दिवशी खुले राहणार ते संस्था दरवर्षी प्रसिद्ध करीत असलेल्या पुस्तकात दिलेले असते. त्यास लोक ‘पिवळे पुस्तक’ म्हणतात. ते आधी पाहून मगच निघावे. पायांत मजबूत जोडे असावेत, बरोबर छत्री असावी, आणि रोपे विकत घ्यावयाची असल्यास पिशवी घरून न्यावी. भिंतीवर पांढऱ्या फुलांची ती हिमालयातील वेल दिसली, तर धनिणीला ती कोठून आली ते सांगावयास हरकत नाही. बहुधा तिला ते ठाऊक असेल. तरी ती ऐकून घेईल, आणि चहा घेऊन जा म्हणेल.